इंग्लंडच्या आडरस्त्यांवर सायकल: रेडिंगला नव्याने आलेल्या पुणेकरासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सिंहगड, खंबाटकी, दोनशे किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या) असं सगळं केलंय. आता नोकरीमुळे रेडिंगला राहायला आलात आणि रोड बाइकही आणलीत. इथल्या ए-रोडवर, म्हणजे मुख्य रस्त्यांवर, गाड्यांच्या वेगाची धास्ती बसली, म्हणून खेड्यांतून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांकडे वळायचंय. पण तिथे जेमतेम एक गाडी जाईल एवढी रुंदी, दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेली झुडपांची कुंपणं, आणि पाटी मात्र ताशी ६० मैलांची. हे सुरक्षित आहे का, रस्ते कसे निवडायचे, सायकलीत काय बदलायचं आणि रविवारी वाटेत खायला काय मिळतं?

सुरक्षित आहे. मी ऑक्सफर्डशरमध्ये बरीच वर्षं राहतो, रविवारी क्लबच्या मंडळींना घेऊन याच रस्त्यांवर असतो, आणि ए-रोड टाळता येत असेल तर मीही टाळतो. फक्त इथली सावधगिरी वेगळ्या जातीची आहे. पुणे-सातारा रस्त्यावर आपला सगळा जीव पाठीमागे असतो: ट्रक किती जवळून जातोय, एसटी कुठे दाबतेय. इथे मागून येणारा बहुतेक वेळा सभ्य असतो. जे काही व्हायचं ते पुढच्या वळणाआड होतं.

आधी त्या पाटीचं सांगतो. पांढऱ्या गोलावर तिरका काळा पट्टा म्हणजे राष्ट्रीय वेगमर्यादा. मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारींसाठी ती ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९७ किलोमीटर. ही कमाल मर्यादा आहे, तेवढ्याने जा असा सल्ला नव्हे, आणि नागमोडी आडरस्त्यावर तेवढा वेग कुणाला गाठताही येत नाही. परगावचा माणूस तिथे बिचकत बिचकतच गाडी चालवतो. माझं लक्ष असतं ते गावातल्याच, रोज जाणाऱ्या माणसाकडे. त्याला प्रत्येक वळण पाठ असतं, आणि वळणापलीकडे आज कुणीतरी असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

म्हणून माझा एकच नियम, आणि क्लबमध्ये नवीन येणाऱ्याला मी तो पहिल्याच दिवशी ऐकवतो: जेवढा रस्ता दिसतोय त्याच्या अर्ध्यात थांबता आलं पाहिजे. हायवे कोड, म्हणजे इथली रस्त्याच्या नियमांची सरकारी पुस्तिका, जेवढं दिसतं तेवढ्यात थांबा असं सांगते. पण रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा असेल तर समोरच्यालाही थांबायला जागा लागते. अर्धं तुमचं, अर्धं त्याचं. उतारावर हे पाळणं जिवावर येतं, कारण इथले उतार सरळ खाली झेपावतात आणि चाळीसचा वेग कधी झाला ते कळत नाही. तरीही पाळा.

वळणावर कुठून जायचं हेही नीट समजून घ्या. उजव्या वळणाला आपल्या डाव्या बाजूने राहिलात की आपसूक लांबचं दिसतं. डाव्या वळणाला नेमकी उलटी गत. कडेला चिकटलात तर नाकासमोर कुंपणच. त्यात, जिथे फुटपाथ नाही तिथे इथली माणसं उजवीकडून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालतात. नियमच तसा आहे. म्हणजे समोरून येणारे आजोबा आणि त्यांचं कुत्रं तुमच्याच डाव्या कडेला असणार. तेव्हा वळणाआधीच वेग उतरवा, बोटं ब्रेकवर ठेवा, चाक कडेपासून मीटरभर आत घ्या आणि कान उघडे ठेवा. ट्रॅक्टर, डिलिव्हरीची व्हॅन, घोड्याच्या टापा, सगळं दिसण्याआधी ऐकू येतं. इअरफोन घरी ठेवा. विजेवरच्या गाड्या वाढल्यापासून कानावर पूर्ण भिस्तही ठेवता येत नाही, हे खरं.

रस्त्याच्या मधोमध गवत उगवलेलं दिसलं तर दोन गोष्टी समजायच्या. एक, इथे वाहतूक नगण्य आहे, आनंद माना. दुसरी, गाड्यांची चाकं जिथून जातात ते दोन पट्टेच काय ते स्वच्छ, मधला भाग खडी, माती आणि शेवाळाचा. एका पट्ट्यातून दुसऱ्यात जायचं तर सरळ रस्त्यावर, वेग कमी असताना जा. वळणात कधीही नाही.

कायद्याच्या बाजूने तुमची जागा भक्कम आहे. २९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोड बदलला. शांत रस्त्यावर सायकलवाल्याने आपल्या लेनच्या मधोमध चालवावं, मागून वेगवान वाहन आलं की सुरक्षित वाटेल तिथे डावीकडे सरून त्याला वाट द्यावी, असं आता त्यात स्पष्ट लिहिलंय. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायलाही हरकत नाही. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने ओलांडणाऱ्या गाडीने सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवावं, वेग जास्त असेल तर त्याहून अधिक, असं सांगितलंय. आता तीन मीटरच्या रस्त्यावर दीड मीटर आणायचं कुठून? म्हणूनच मागच्या गाडीला तिथे ओलांडता येत नाही, आणि तिला ओलांडू देऊही नका. कडेला चिकटून तिला मोह पाडण्यापेक्षा मधोमध राहा, शेताचं फाटक किंवा गाड्यांसाठी केलेली रुंद जागा आली की बाजूला व्हा आणि हात करा. ही जागा उजवीकडे असेल तर ओलांडून पलीकडे जायचं नाही. तिच्या समोर, आपल्या डाव्या बाजूला थांबायचं. ड्रायव्हरही जाताना हात वर करतो. या हात दाखवण्यावर इथली निम्मी वाहतूक चालते असं मला नेहमी वाटतं.

घोड्यांचं मात्र मनावर घ्या, कारण पुण्यात याची सवय नसते. मागून आवाज न करता येणारी सायकल म्हणजे घोड्याच्या लेखी झडप घालणारं जनावर. लांबूनच मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा, घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. वेग चालण्याइतका करा, स्वार खूण करेपर्यंत मागे थांबा, आणि मग उजवीकडून, मोकळं अंतर ठेवून जा. घोड्याच्या डावीकडून जायचं नाही, हे हायवे कोडमध्येही आहे. ट्रॅक्टरला मात्र तुम्हीच जागा द्या. कापणीच्या दिवसांत त्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि त्याच्या मागच्या ट्रेलरचा पल्ला वळणावर कुंपणापर्यंत जातो.

आता रस्ते निवडणं. फोनवरच्या नकाशाला ‘सायकलने ने’ म्हटलं की तो खुशाल चिखलाच्या घोडवाटेवर नेऊन सोडतो. घोडवाटेवर सायकल नेण्याचा हक्क १९६८ च्या कायद्याने दिलेला आहे, पायवाटेवर तो नाही. पण हक्क असला म्हणून अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरला तिथे काय काम? माझा भरवसा ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशासंस्थेच्या १:५०,००० प्रमाणाच्या, गुलाबी मुखपृष्ठाच्या नकाशावर. त्यातले पिवळे रस्ते आपले. बारीक पिवळी रेघ म्हणजे चार मीटरपेक्षा कमी रुंदी. पांढरे रस्ते टाळा, ते बहुधा कुणाच्या तरी शेतात किंवा बंगल्यावर संपतात. पिवळ्या रेघेवर बाणाचं टोक दिसलं की ती चढण. एक बाण असेल तर १४ ते २० टक्के, दोन असतील तर २० टक्क्यांहून जास्त. टोक उताराच्या दिशेला असतं, हे लक्षात ठेवलं नाही तर दिवसाचा सगळा हिशेब उलटा होतो. नकाशावर ‘पीएच’ म्हणजे पब. चौकोनावर क्रूस म्हणजे मनोऱ्याचं चर्च, गोलावर क्रूस म्हणजे निमुळत्या कळसाचं. लांबून कळस दिसला की आपण कुठे आहोत ते फोन न काढता कळतं.

एखादा रस्ता शांत का राहिला, याचं उत्तरही नकाशातच असतं. शेजारून मोठा रस्ता जात असेल तर तो रहदारी ओढून घेतो आणि मधले गावरस्ते मोकळे राहतात. तुमच्या उत्तरेच्या चिल्टर्न टेकड्यांत हेच झालंय. लंडन-ऑक्सफर्डची वाहतूक एम-४० या मोटरवेने जाते, रेडिंग-ऑक्सफर्डची ए-४०७४ ने, आणि मधल्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलांतून जाणाऱ्या रस्त्यांवर गावकरी सोडले तर फारसं कुणी नसतं. याउलट दोन ए-रोडना जोडणारा सोयीचा पिवळा रस्ता दिसला तर सावध व्हा. कामाच्या दिवशी सकाळी आठ-नऊला आणि संध्याकाळी पाच-सहाला लोक तिथून आडवाट मारतात. रविवारी सकाळी सात ते दहा हा वेळ सोन्याचा.

रस्त्याचा आकार पाहूनही बरंच कळतं. सरळसोट रस्ता आणि दोन्हीकडे गवताच्या रुंद पट्ट्या असतील तर तो बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, सामायिक जमिनी वाटून कुंपणं घातली गेली तेव्हा आखलेला. अशा रस्त्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत चाळीस फूट जागा सोडण्याची पद्धत होती, म्हणून नजर लांब जाते. वळणावळणाचा, जमिनीत खोल उतरलेला रस्ता त्याहून जुना. शेकडो वर्षांच्या बैलगाड्यांनी आणि पावसाने तो खाली खचलेला असतो. तिथे अर्ध्यात थांबायचा नियम दुप्पट पाळा.

चढाबद्दल एक सांगतो, कारण घाट चढलेला माणूस इथेच फसतो. आपला घाट वळणं घेत घेत चढतो. एकदा लय सापडली की तासभर तीच धरता येते. इंग्लंडचा आडरस्ता टेकडीला वळसा घालत नाही, छातीवर सरळ चढतो. दहा मिनिटांत संपतो, पण त्या दहा मिनिटांत लय म्हणून सापडत नाही. दिवसभरात असे आठ-दहा चढ आले की पायांचं भरीत होतं. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ दात्यांच्या चक्रांची गिअरची जोडी लावून घ्या. पुण्यातल्या मोठ्या रिंगचा अभिमान इथे काही कामाचा नाही.

टायर २८ किंवा, फ्रेममध्ये मावत असेल तर, ३२ मिलिमीटरचे. हवा बेताची भरा. चिल्टर्न म्हणजे खडूचा डोंगर, त्यात गारगोटी ठासून भरलेली. जोराचा पाऊस झाला की तिचे काचेसारखे धारदार तुकडे रस्त्यावर वाहून येतात. पावसानंतरच्या पहिल्या सकाळी टायर हमखास कापतात. थांबलात की चाक हाताने फिरवून अडकलेले तुकडे नखाने काढायची सवय लावा.

आणि काटे. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात, पक्ष्यांच्या विणीमुळे, शेताच्या जिवंत कुंपणांची छाटणी करायला साधारणपणे बंदी असते. सप्टेंबर लागला की ट्रॅक्टरला लावलेल्या यंत्राने कुंपणं झोडपली जातात आणि हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नच्या फांद्यांचा चुरा रस्त्यावर पडतो. काटा इंचभराचा असतो, तो आत शिरून टोकाशी मोडतो. बाहेरून काही दिसत नाही. ट्यूब बदलून निघालात की दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर, कारण टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. म्हणून आधी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा आणि ट्यूब टायरशेजारी धरून टायरवर ती जागा नक्की करा. मग टायर उलटा करून आतून बोट हळूच फिरवा. सुईच्या टोकाएवढं काहीतरी टोचेल. बाहेरून तिथे काळा ठिपका असतो. भुवया उपटायचा छोटा चिमटा पिशवीत ठेवा, तोच उपयोगी पडतो. दोन ट्यूब, पंप, ठिगळं हे आलंच. ताजी छाटणी दिसली तर मी सरळ उतरून तेवढा पट्टा सायकल उचलून चालतो. लोक हसतात, हसू देत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मक्याच्या कापणीचा चिखल आणि बीचची ओली पानं एकत्र येतात. तेव्हा वळणात ब्रेक लावायचा नाही. मडगार्ड लावा, मागच्याला खालपर्यंत पट्टी जोडा, नाहीतर ग्रुपमध्ये तुमच्या मागे कुणी येणार नाही. कडाक्याच्या थंडीत बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकणाऱ्या गाड्या मोठ्या रस्त्यांवरच फिरतात, आडरस्त्यांवर सहसा नाही. पारा तीन अंशांखाली असेल तर मी बाहेर पडत नाही. सावलीतला बर्फ दुपारपर्यंत तसाच असतो. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि लाल परावर्तक कायद्यानेच हवेत. पण मी भर उन्हाळ्यातही मागचा दिवा चालू ठेवतो. झाडांच्या बोगद्यासारख्या रस्त्यावर लख्ख उन्हातून शिरणाऱ्या ड्रायव्हरला सावलीतला सायकलवाला दोन-तीन सेकंद दिसतच नाही. हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला.

खाण्याचं. आपल्याकडे दर दहा किलोमीटरला चहाची टपरी असते, त्या हिशेबाने निघालात तर उपाशी राहाल. बऱ्याच गावांत दुकानच उरलेलं नाही, आणि असलं तरी रविवारी दुपारी बंद. पबचं स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन-अडीच चालतं, मग संध्याकाळी. रविवारी तिथे भाजलेलं मांस खायला कुटुंबं आधी जागा राखून आलेली असतात. घामाघूम सायकलवाल्याला बागेत बसून चीज सँडविच मात्र कुणी नाकारत नाही. पाण्याची बाटली भरून द्या म्हटलं तर पबवाले आनंदाने देतात. चर्चच्या आवारात फुलांसाठी नळ असतो, पण तो पिण्याचा असेलच असं नाही. फार्म शॉप आणि नर्सरीतले कॅफे जास्त भरवशाचे. गावातली लाल टेलिफोन पेटी दिसली तर एकदा डोकावून बघा: अनेक पेट्यांत आता हृदयाला झटका द्यायचं यंत्र ठेवलेलं असतं. कुठे आहे ते माहीत असलेलं बरं. दऱ्यांत फोनची रेंज जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पहिल्या फेरीसाठी कॉट्सवोल्ड्स या प्रसिद्ध टेकड्यांचा मोह धरू नका. मधाच्या रंगाची ती घरं सुंदर आहेत, पण उन्हाळ्यातल्या रविवारी तिथल्या बोर्टन-ऑन-द-वॉटर गावात प्रवाशांच्या बसेसमधून वाट काढायची म्हणजे लक्ष्मी रोडची दिवाळी. तुमच्या दारातच चिल्टर्न आहे. थेम्स ओलांडून कॅव्हर्शम, तिथून किडमोर एंडमार्गे स्टोक रो. या गावात हिंदुस्थानी घुमटाखाली एक विहीर आहे आणि तिच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. बनारसच्या महाराजांनी दिलेल्या पैशांतून ती १८६४ मध्ये पुरी झाली. खोली ३६८ फूट, सगळी हाताने खणलेली. खडूच्या डोंगरावर पाणी ठरत नाही, त्यामुळे गावाला तिची खरीच गरज होती. तिथून चेकेंडन, गोरिंग हीथ करून परत कॅव्हर्शम. पहिल्या रविवारला एवढं पुरे.

पाय बसले की पुढची फेरी मोठी करा: स्टोक रोवरून खाली यूएल्म. तिथे १४३७ मध्ये स्थापन झालेल्या धर्मशाळेशेजारची शाळा अजून त्याच जुन्या इमारतीत भरते. पुढे वॉटलिंग्टन, आणि तिथून ख्रिसमस कॉमनचा चढ. नकाशावरचे बाण म्हणजे काय ते इथे समजेल. वर डोक्यावर लाल घारी घिरट्या घालत असतात. इंग्लंडातून नाहीशा झालेल्या या घारी १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून इथे पुन्हा वसवल्या. मग टर्व्हिल, फिंगेस्ट, स्कर्मेट करत हँबल्डनच्या दरीतून खाली थेम्सपर्यंत. शेवटचे काही किलोमीटर हेन्लीपर्यंत ए-४१५५ वर आहेत आणि ते मला आवडत नाहीत, पण थोडक्यात आटपतात. दमलात तर हेन्लीहून ट्वायफर्डमार्गे रेडिंगला रेल्वे आहे. निघण्याआधी वेळापत्रक मात्र बघा: रविवारी रुळांचं काम असलं की गाडीऐवजी बस असते, आणि बसमध्ये सायकल सहसा घेत नाहीत.